पांढऱ्या पाटीची गाडी आणि पंधरा वर्षांची झोप



मागच्या महिन्यात घरातल्या एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसली आणि विषय निघाला गाड्यांचा. आमच्या एका मेहुण्यांची गाडी वीस वर्षांची होत आलीय. तिची नोंदणी पुन्हा करायची तर सरकारी फी दहा हजार रुपये, शिवाय पर्यावरण कर वेगळा, शिवाय एजंट. मेहुणे तापले होते. "गाडी माझी, पेट्रोल माझं, रस्त्याचा कर मी एकरकमी भरलेला, मग हे कसले पैसे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. लूट आहे, गाडीवाल्याला पिळायचे धंदे आहेत, नव्या गाड्या खपवण्यासाठी चाललंय सगळं... एकमत झालं. एरवी आमच्या घरात चहात आलं घालावं की वेलची यावरही एकमत होत नाही.

मी गप्प होतो. मला पटलं म्हणून नव्हे. माझं उत्तर लांबलचक होतं आणि समोर पानसुपारी आली होती. ते उत्तर आज इथे लिहितोय. मेहुणे वाचतील, रागावतील. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी मेहुण्यांचं जे बरोबर आहे ते कबूल करतो. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पुन्हा करायला पूर्वी ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० केले. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. हे पैसे कशाचे? गाडी तपासण्याचे म्हणावं तर तपासणीत पूर्वीपेक्षा दहापट, पंधरापट असं काही वाढलेलं मला दिसलं नाही. हा गाडीच्या वयाचा दंड आहे. माणूस सत्तरीचा झाला म्हणून त्याला रस्त्यावर चालायला फी लावावी तसा. मी स्वतः सत्तरी ओलांडलेली असल्यामुळे या प्रकाराबद्दल मला जरा जास्तच राग आहे.

पण मेहुण्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. त्यांचं म्हणणं, सरकार आपल्या गाड्यांच्या फार मागे लागलंय. माझं म्हणणं उलटं आहे. सरकार आपल्या गाड्यांकडे बघतच नाही. पंधरा वर्षं बघत नाही आणि मग एकदम पावतीपुस्तक घेऊन दारात येतं.

नियम काय आहे ते थोडं सांगतो. (शिकवायची खोड, जात नाही.) मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात दोन जाती आहेत. एक परिवहन वाहनं, म्हणजे पिवळ्या पाटीची: टॅक्सी, रिक्षा, ट्रक, टेंपो, बस. यांना योग्यता प्रमाणपत्र लागतं, ज्याला आपण सगळे 'पासिंग' म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. दुसरी जात आपली, पांढऱ्या पाटीची. हिची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फॉर्म २५ भरायचा, गाडी दाखवायची आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. मधल्या पंधरा वर्षांत तुमच्या गाडीचे ब्रेक लागतात का, स्टिअरिंगमध्ये खेळ आहे का, टायरवर रबर शिल्लक आहे का, हे तपासायला कोणीही बोलावत नाही.

आता आमच्या कोनफाट्यावर उभे राहून बघा. एका कंपनीची, एका वर्षाची, एका रंगाची दोन वाहनं समोरून येतात. एकीची पाटी पिवळी, ती शेअरमध्ये पनवेल-रसायनी करते. दुसरीची पांढरी, तिच्यात मागे सासूबाई आणि दोन नातवंडं बसलीत. पहिलीचे ब्रेक सहा वर्षांत तीनदा तरी तपासून घ्यावे लागतात. दुसरीचे शून्य वेळा. मला कोणीतरी समजावून सांगा की पांढरी पाटी लावली की ब्रेकचं रबर कुजायचं थांबतं का?

यावर एक उत्तर नेहमी येतं. टॅक्सी दिवसभर पळते, आपली गाडी दारात उभी असते. खरं आहे. पण उभी राहिलेली गाडी शाबूत राहते हा आपला गोड गैरसमज आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा. पाणी मिसळलं की घाट उतरताना ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. टायरचं रबर खाचा शाबूत असतानाही वयाने कडक होतं. आणि आपला कोकण! चार महिने पाऊस, बाकी आठ महिने दमट हवा. इथे लोखंडी गेट तीन वर्षांत गंजतं, तर गाडीच्या पोटाखालच्या नळ्यांनी काय घोडं मारलंय?

आम्ही शाळेत होतो तेव्हा सहामाही, वार्षिक अशा परीक्षा असायच्या. पुढे आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं धोरण आलं आणि नववीत आलेल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही म्हणून बोंब सुरू झाली. ती बोंब मारणाऱ्यांत आपण गाडीवालेच पुढे होतो. आपल्या गाडीला मात्र एकही परीक्षा न देता थेट पंधरावीत बसवतो, त्याचं काही वाटत नाही.

"पण पीयूसी आहे ना!" असं मेहुणे म्हणतीलच. तर पीयूसीबद्दल.

पीयूसी फक्त धूर तपासते. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन, डिझेलमध्ये धुराचा दाटपणा. त्याचा ब्रेकशी काही संबंध नाही, टायरशी नाही, दिव्यांशी नाही. भारत स्टेज ४ आणि नंतरच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र वर्षाचं मिळतं, आधीच्यांना सहा महिन्यांचं. २०२१ पासून देशभर एकसारखा नमुना झाला, त्यावर क्यूआर कोड असतो, मोबाइल नंबर द्यावा लागतो. कागद छान झाला. तपासणीचं मात्र काय सांगू... माझ्या गाडीचं एकदा काढायला गेलो तेव्हा पोराने पाटीचा फोटो घेतला, नंबर टाकला आणि प्रिंट काढली. साइलेन्सरमध्ये घालायची नळी तिथेच स्टुलावर वेटोळं घालून पडली होती. मी म्हटलं, "अरे, ती नळी?" तो म्हणाला, "काका, तुमची गाडी चांगली आहे." त्याने ती ओळखली कशी, देव जाणे. आणि मी काय केलं? पैसे दिले, कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. चाळीसेक वर्षं वह्या तपासलेला माणूस मी. न वाचता मारलेली बरोबरची खूण मला लांबून ओळखू येते. पण ती माझ्या वहीवर होती, म्हणून मी बोललो नाही.

आता जे सांगणार आहे ते घरातल्याही बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

माझी गाडी २००८ ची. नंबर अजून एमएच ०६ चा, म्हणजे पनवेलला स्वतःचा ४६ मिळण्याच्या आधीचा. जुलै २०२३ मध्ये तिची पंधरा वर्षं भरायची होती, म्हणून जूनमध्ये मी नोंदणी पुन्हा करून घेतली. पाच हजार फी, पर्यावरण कर, एजंटचे वेगळे. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. गाडी उभी केली. बॉनेट उघडलं, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून छाप घेतला. हॉर्न वाजवला. दिवे लावून दाखवले. संपलं. गाडी जागची हलली नाही. जी गाडी हललीच नाही ती थांबते की नाही हे कसं कळणार, हा प्रश्न त्या दिवशी मला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी उलट खूश होतो की लवकर सुटलो. २०२८ पर्यंतची मुदत मिळाली, वाटेत वडापाव खाल्ला.

सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, पनवेलहून सामान घेऊन येत होतो. जुना मुंबई-पुणे रस्ता, भुरभुर पाऊस. पळस्पे मागे पडलं, कोन जवळ आलं. दप्तर पाठीला लावलेला एक सायकलवाला मुलगा कडेने चालला होता, तो रस्ता ओलांडायला वळला. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, एरवी जातं त्याच्या कितीतरी खाली. पुन्हा दाबला. हँडब्रेक ओढला. गाडी घसरत गेली आणि त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. वीतभर म्हणजे खरोखरच वीतभर, मी उतरून पाहिलं.

पोरगा पांढराफटक पडला होता. दहा-अकरा वर्षांचा असेल. मला म्हणाला, "सॉरी सर."

त्याला वाटलं चूक त्याची. आणि मी त्याला तसंच वाटू दिलं. वर म्हणालोसुद्धा, "बघून ओलांडावं." तो गेला. घरी येऊन मी सांगितलं, रस्ता निसरडा होता.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने मागच्या चाकाचा ड्रम उघडला. आतला व्हील सिलिंडर गळत होता, लायनर तेलाने माखलेले. ब्रेक ऑइलचा रंग चहासारखा. पुढचे टायर २०१४ चे. मेस्त्री आमच्या गावचाच, पूर्वी माझ्या वर्गात होता. म्हणाला, "गुरुजी, हे आजचं नाय. तीन-चार महिने गलतंय." तीन-चार महिने. म्हणजे जूनमध्ये ज्या दिवशी गाडी 'योग्य' ठरली, त्या दिवशीही बहुधा ते गळत होतं. चाकाजवळ वाकून कोणी पाहिलं असतं, किंवा गाडी वीस पावलं चालवून ब्रेक दाबला असता तरी संशय आला असता.

मग मी कायदा वाचायला बसलो. कलम १९० म्हणतं की गाडीत असा दोष असेल जो मालकाला माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, आणि त्या दोषामुळे ती गाडी लोकांना धोक्याची ठरते, तर तो गुन्हा आहे. दंड १,५०० रुपये. त्यातून कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड. 'साधी काळजी घेतली असती तर.' ते वाचताना मला त्या मुलाचं 'सॉरी सर' ऐकू येत होतं. आणखी एक कलम आहे, १३६. अपघात झालेल्या गाडीची तपासणी करायचा अधिकार सरकारी निरीक्षकाला देणारं. म्हणजे बघा, पांढऱ्या पाटीच्या गाडीचे ब्रेक पंधरा वर्षांच्या आत सरकारी माणसाने वाकून बघायचा ठरलेला प्रसंग कोणता? माणूस मेल्यानंतरचा. तेव्हा मात्र नीट तपासतात, अहवाल लिहितात.

आता आक्षेप. माझा पुण्याचा पुतण्या हुशार आहे, त्याचे दोन आक्षेप मला आधीच ठाऊक आहेत.

पहिला: "काका, अपघात वेगाने होतात, गाडीच्या बिघाडाने नाही. सरकारी आकडेच सांगतात." बरोबर. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातल्या बहुतेकांच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेलं आहे. मी ते नाकारत नाही. पण कारण एकच लिहायचं असतं तेव्हा काय होतं ते लक्षात घ्या. गाडी शंभरने चालली होती आणि टायर गुळगुळीत होते, तर नोंदीत जाईल वेग. माझ्या हातून तो मुलगा गेला असता तर लिहिलं असतं 'हयगयीने वाहन चालवले'. आणि खोटं नसतं ते. पण त्या ड्रममधलं गळकं सिलिंडर आकड्यात कुठे दिसलं असतं? समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याला प्रवेशाच्या जागी उभं राहून टायर तपासावे लागले, झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. त्या गाड्या आपल्याच दारातून निघाल्या होत्या ना? नवा गुळगुळीत रस्ता मिळेपर्यंत त्यांचे टायर कोणाला दिसले नव्हते, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: "नवीन तपासणी म्हणजे नवीन खिडकी, नवीन चिरीमिरी. पिवळ्या पाटीवाल्यांचं पासिंग कसं होतं ते ठाऊक नाही का तुम्हाला?" आहे ना ठाऊक. श्रीकांत कर्वे या पुण्याच्या कार्यकर्त्यांनी याच पासिंगवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. ब्रेकची चाचणी घ्यायला अडीचशे मीटरचा मार्गच बऱ्याच कार्यालयांकडे नव्हता आणि प्रमाणपत्रं मात्र निघत होती. मार्ग नसेल तिथे प्रमाणपत्र देऊ नका, असं न्यायालयाला २०१६ साली सांगावं लागलं. २०१८ मध्ये तीसहून अधिक परिवहन अधिकारी निलंबित झाले. तेव्हा पुतण्याचं म्हणणं मी हवेत उडवून लावत नाही.

पण त्यातून काय निघतं? आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा आदल्या दिवशी फळे काळे व्हायचे, नकाशे टांगले जायचे, हजेरी भरून निघायची. साहेब चहा पिऊन शेरा लिहायचे. त्यावरून कोणी असं म्हटलं नाही की मुलांच्या परीक्षाच बंद करा. पेपर दुसऱ्या शाळेकडून तपासून घेतले, बैठक क्रमांक घातले. डोळ्याने केलेल्या तपासणीला चहा पाजता येतो. म्हणून मोजून करा. ब्रेक तपासायला रोलरचं यंत्र असतं, चाकं त्यावर चढवून ब्रेक दाबला की कुठलं चाक किती जोराने थांबतं ते आकड्यात कळतं. माझं मागचं चाक तिथे त्याच क्षणी उघडं पडलं असतं. स्वयंचलित चाचणी केंद्रांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नियमही केले आहेत. त्यात एक चांगली गोष्ट आहे: असं केंद्र चालवणाऱ्याने गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, सुटे भागही विकायचे नाहीत. म्हणजे नापास करून कमाई करायची सोय नाही. यंत्रालाही फसवणारे निघतील, आपला देश कल्पक आहे. पण आकडा लिहिला गेला की तो उद्या पुन्हा बघता येतो. 'दिवे लावून दाखवले' हे पुन्हा बघता येत नाही.

इंग्लंडचं उदाहरण देतो. तिथल्या गाड्यांची तपासणी १९६० साली सुरू झाली. आधी फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना, तेही ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढंच. इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. आज तिथे तीन वर्षांची झाली की दरवर्षी. मोटारीला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड फी. माझी भाची तिकडे असते, तिची गाडी मागे एकदा टायरवरून नापास झाली. तिने मला सांगितलं की कोणीही गाडीचा नंबर टाकून आजवरच्या तपासण्या बघू शकतो: कधी पास, कधी नापास, कशामुळे, तेव्हा किती मैल चालली होती. जुनी गाडी घेणारा आधी ते बघतो. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. जपानातही तसंच. आणि तिकडे नुसतं वय झालं म्हणून गाडी वाईट ठरत नाही. तपासणीत पास होते तोवर ती चालते.

आपल्याकडे तपासणी नाही म्हणूनच वयावर फतवे निघतात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी त्याच नियमाने गेली. दिल्लीत दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं १ जुलै २०२५ ला सुरू केलं आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर दोन-तीन दिवसांत आवरतं घेतलं. निवृत्त माणूस जपून वापरतो ती अठरा वर्षांची गाडी भंगार, आणि कोणीतरी पाच वर्षांत सर्व्हिसिंगच न केलेली गाडी उत्तम! तब्येत न बघता जन्मदाखला बघणारा डॉक्टर आपण चालवून घेऊ का? मेहुण्यांना माझं सांगणं हेच आहे. तुम्हाला वयाचा दंड नको असेल तर तपासणी मागा. ती नको म्हणाल तर सरकारच्या हातात जन्मतारखेशिवाय दुसरं काही उरत नाही.

तर माझी मागणी अशी. खासगी मोटारीची पहिली तपासणी पाचव्या वर्षी, मग दर दोन वर्षांनी, पंधरा वर्षांनंतर दरवर्षी. तपासणी यंत्रावर, तालुक्याच्या ठिकाणी, फी तपासणीच्या खर्चाइतकी आणि सगळ्या वयाच्या गाड्यांना सारखी. ५,००० आणि १०,००० चा वयाचा दंड रद्द. काय मोजलं आणि किती आलं हे गाडीच्या नंबरावर सगळ्यांना दिसेल असं. नापास झाली तर दुरुस्तीला मुदत द्या, फेरतपासणी फुकट. पनवेलमध्ये हे करता येणार नाही असं मला कोणी सांगू नका. न्हावाशेव्याचे कंटेनर आणि कळंबोलीच्या स्टील मार्केटचे ट्रक याच रस्त्यांवरून जातात, त्यांना पासिंग लागतंच. ज्या यंत्रावर ट्रक चढवायचे आहेत त्याच्या शेजारी मोटारीचं यंत्र बसेल. आणि एक अट. यंत्रं आधी, सक्ती नंतर. जादा सुरक्षेच्या नंबरपाट्यांचं २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. आधी सक्ती जाहीर, मग रांगा, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. तसं करायचं असेल तर नकोच.

हे सगळं कधी होईल ठाऊक नाही. तोवर साधी काळजी घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. आज जाऊन बघा, तुमच्या पोटात गोळा येईल. टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरले, आणि त्याखाली गेलेला टायर नियमानेच बाद. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. त्याची पातळी खाली गेली असेल तर नुसतं वरून भरू नका, गेलं कुठे ते विचारा. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे एका उंचीवर पडतात का ते पहा. अर्ध्या तासाचं काम आहे. सत्यनारायणाच्या आधी आपण गाडी धुऊन हार घालतो, त्याच दिवशी हेही करा.

मी आता दर सहा महिन्यांनी मेस्त्रीकडे जातो, चाकं काढून बघायला लावतो आणि तारीख वहीत लिहितो. गाडी अठरा वर्षांची होत आली, पण आज ती थांबते.

तो सायकलवाला मुलगा आता तेरा-चौदा वर्षांचा असेल. कोनफाट्यावर पोरांचा घोळका दिसला की मी चेहरे बघतो. अजून दिसला नाही. दिसला तर त्याला सांगायचंय की त्या दिवशी सॉरी मी म्हणायला हवं होतं.

असो. मेहुणे, फोन करा. पण आधी टायरवरचे ते चार आकडे वाचून मगच करा.